दोन बाओफेंग जोडून घरच्या घरी रिपीटर बनवता येतो का? खर्च किती येईल?

येतो. (बाओफेंग म्हणजे हातातला स्वस्त चिनी वायरलेस सेट, आणि रिपीटर म्हणजे उंचावरून एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसरीवर परत सोडणारं यंत्र.) खरं तर एवढंच लिहून निघणार होतो, पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की हँडसेट ५ किलोमीटरच्या पुढे जात नाही म्हणून पुढे मोठा अँप्लिफायर लावायचा विचार आहे, ते वाचलं आणि राहवलं नाही. हे वाक्य मी गेली सहा वर्षं माझ्या मेहुण्याच्या तोंडून ऐकतोय.

मेहुण्याचा साऊंड सिस्टीमचा धंदा आहे, लग्न, गणपती, जत्रा सगळं. त्याच्या दुनियेत कुठल्याही दुखण्यावर एकच औषध, वॉट वाढवा. आमच्याकडे, म्हणजे कराडहून पाटणकडे जाताना, मध्ये डोंगर इतके आडवे की टू मीटरवर (हौशी रेडिओवाल्यांचा १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) पलीकडच्या खोऱ्यातला माणूस पण ऐकू येत नाही. क्लबच्या नावाने परवानगीची कागदपत्रं झाली तेव्हा ठरवलं की मित्राच्या रानाच्या वरच्या टोकावर रिपीटर बसवायचा. जागा खालच्या गावांपासून साधारण ३०० मीटर उंच. उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, ७० किलोमीटरच्या आसपास क्षितिज येतं. कागदावर.

साखर कारखान्याने काढून टाकलेले दोन जुने मोबाईल (म्हणजे गाडीत बसवायचे वायरलेस) सेट भंगारातून मिळाले होते, एक रिसीव्हर केला, एक ट्रान्समीटर, मध्ये रिसीव्हरला ऐकू आलं की ट्रान्समीटर चालू करणारा कंट्रोलर, टोन, टाइमआउट, मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं नाव), हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. एकाच खांबावर दोन अँटेना, वर एक आणि ३ मीटर खाली दुसरी. चालू केलं आणि मी मोटारसायकलवरून खाली आलो. ४ किलोमीटरवर, एसटी स्टँडच्या मागे, हातातल्या सेटचं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं. रिपीटर उघडला, बंद झाला, उघडला, बंद झाला, टक टक टक टक, जसं काही कोणी आत बसून स्विच खालीवर करतंय. मी पीटीटी सोडलं की शांत.

काय होत होतं ते सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. १० वॉट म्हणजे ५० ओहमवर जवळजवळ २२ व्होल्ट. आणि रिसीव्हर उघडतो पाव मायक्रोव्होल्टवर. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या दोन गोष्टींत ९ कोटी पटीचा फरक, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीत अंतर किती तर फक्त ६०० किलोहर्ट्झ. ट्रान्समीटर चालू झाला की रिसीव्हर ठार बहिरा. बहिरा झाला की त्याला वाटतं सिग्नल गेला, म्हणून ट्रान्समीटर बंद. बंद झाला की परत ऐकू येतं, म्हणून परत चालू. दुसऱ्या दिवशी ट्रान्समीटरची अँटेना काढून डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावला तर त्याच एसटी स्टँडमागचा माझा सिग्नल रिसीव्हर एकदम साफ उचलत होता. निदान झालं.

पण माझ्या घरी निदान मानतंय कोण. मेहुणा म्हणाला, दाजी, तुमची पॉवरच कमी पडतीय. आणि कुठूनतरी ४० वॉटचा अँप्लिफायर घेऊन आला. (त्याच्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स नाही, त्यामुळे माईकला हात लावू दिला नाही, त्याचा राग वेगळा.) मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून मांडवाच्या पलीकडनं आईने मारलेली हाक ऐकू येते का? नाही ना? मग ती ऐकू यावी म्हणून तू डीजे अजून मोठा करणार? तर म्हणे ते वेगळं. बायको म्हणाली लावून बघा एकदा, त्याने एवढ्या लांबून आणलाय. लावला. जिथे टक टक सुरू व्हायचं ते ४ किलोमीटरवरून २ वर आलं. गाडीच्या मीटरवर मोजलंय. मेहुणा म्हणतो, मग ८० वॉटचा लागेल.

शेवटी गेलो तांबटाकडे. डुप्लेक्सरसाठी, म्हणजे ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचू न देणाऱ्या फिल्टरसाठी, सहा कॅव्हिटी करायच्या होत्या, तांब्याच्या पत्र्याचे चार इंची नळकांडे, आत मधोमध अर्ध्या मीटरच्या आसपासची दांडी, वर आटे पाडलेला रॉड लांबी कमीजास्त करायला. तांबट जन्मभर बंब करत आलेला माणूस, त्याने नळकांडं फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, ह्यात जाळ कुठनं घालायचा? पण डाख असा दिला की आत हात घातला तर सांधा बोटाला लागत नाही. तीन कॅव्हिटी रिसीव्हरकडे, त्या ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी गिळतात, तीन ट्रान्समीटरकडे, त्या रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवरचा कचरा अडवतात. नॅनो-व्हीएनए (फिल्टर कुठली फ्रिक्वेन्सी किती अडवतो ते दाखवणारं छोटं मीटर) घेऊन सलग तीन रविवार ट्यून करत बसलो, एक रॉड केसभर फिरवला की बाकीच्या पाचांची गणितं बदलतात.

आणि एवढं करून? सकाळी झकास, दुपारी बहिरा, रात्री परत झकास. पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. तांबं २० अंशांनी तापलं की कॅव्हिटी १४५ मेगाहर्ट्झवर साधारण ५० किलोहर्ट्झ सरकते, आणि गिळायची जागा तेवढी रुंद नसतेच मुळी. कंपन्या आतला रॉड इन्वारचा (तापला तरी फारसा न वाढणारा मिश्रधातू) करतात तो उगाच नाही. मला इन्वार कुठला मिळायला, थर्मोकोलच्या मासळीच्या खोक्यात सगळं बसवलं आणि वर सावलीला गवताचं छप्पर केलं. त्यानंतर एका दुपारी दीड वाजता, भर एप्रिलमध्ये, इस्लामपूरच्या बाजूचे एक ओएम (ओल्ड मॅन, हॅम लोक एकमेकांना असंच म्हणतात) हातातल्या ५ वॉटच्या सेटवरून आले आणि म्हणाले फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज साफ, सिग्नल जोरदार. रिपीटरच्या त्याच १० वॉटवर. अँप्लिफायर तेव्हा माळ्यावर होता.

मेहुणा आजही प्रत्येक लग्नात पाहुण्यांना सांगतो की दाजींचा टॉवर माझ्या ४० वॉटच्या मशीनवर चालतो.

तर तुमचं. दोन बाओफेंगवर टेबलावर शिकण्यापुरतं करा, जरूर करा. डोंगरावर नको. १० मिनिटं सलग ट्रान्समिटवर ठेवा, हातात धरवणार नाही, आणि शेजारी तगडा सिग्नल असला की त्याचा रिसीव्हर लगेच गुदमरतो. डुप्लेक्सरची कटकट नको असेल तर टू मीटरवर ऐकायचं आणि यूएचएफवर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) बोलायचं असं क्रॉसबँड करा, फिल्टर स्वस्तात भागतो. उलटं करणार असाल तर मात्र जपून, १४५ ची तिप्पट ४३५ होते, म्हणजे तुमच्याच ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक तुमच्याच कानात. वॉटचं म्हणाल तर १० चे ४० केले की ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरची एक पायरी) वाढतं. एक. तेवढे पैसे अँटेना उंच न्यायला आणि चांगल्या केबलला घाला, आणि कनेक्टर नीट गुंडाळा, आमच्या पहिल्याच पावसाळ्यात पाणी केबलमधून थेट सेटपर्यंत उतरलं होतं.

हां, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: तुमचं स्वतःचं हॅम लायसन्स असलं तरी कायमचा रिपीटर बसवायला डब्ल्यूपीसीची (वायरलेसचे परवाने देणारा केंद्र सरकारचा विभाग) वेगळी परवानगी लागते, जवळच्या क्लबला धरा. लायसन्सच नसेल तर आधी परीक्षा द्या, तोवर नुसतं ऐका.

खर्चाचं इथे लिहीत नाही, बायको माझी उत्तरं वाचते. तांबटाचं बिल तिला अजून बंबाचं म्हणून माहीत आहे.

आणि मेहुण्यापर्यंत हे पोचलंच तर, तो अँप्लिफायर घेऊन जा बाबा, माळ्यावर दिवाळीच्या डब्यांना जागा उरली नाही.