ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये गाडी ओढेनाशी झाली म्हणून ऑइल बदललं, तर आता शर्यतीतच घेत नाहीत. असं का होतं?

तुमच्या गेममध्ये काही बिघाड नाही. शर्यतीला ७०० पीपीची (परफॉर्मन्स पॉइंट्स, म्हणजे गाडीच्या क्षमतेचा आकडा) मर्यादा आहे. तिच्यात तुम्ही गाडी काटेकोर बसवलीत, पण त्या वेळी तिचं ऑइल आधीच जुनं झालेलं होतं. पीपी हा आकडा गाडीची आत्ताची ताकद, वजन वगैरेंवरून निघतो. ऑइल खराब झालं की ताकद उतरते आणि पीपीही उतरतो. तुम्ही त्या उतरलेल्या आकड्यावर पार्ट चढवून ७०० गाठले. आता ताजं ऑइल पडल्यावर गेलेली ताकद परत आली आणि गाडी मर्यादेच्या वर गेली.

मीही नेमका इथेच अडकलो होतो. युज्ड कार्समधून (गेममधल्या जुन्या गाड्यांच्या दुकानातून) घेतलेली माझी आर३२ स्कायलाइन घेऊन मी ला सार्थची, म्हणजे ल मांच्या ट्रॅकवरची, ३० मिनिटांची शर्यत रोज खेळायचो. मुल्सानच्या लांब सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून यायचं आणि ब्रेकच्या पाट्या दिसायच्या आत बाजूने काढायची, हे इतकं सवयीचं झालं होतं की हात आपोआप चालायचे. एक दिवस गाडी निघेचना. पुढच्याच्या मागच्या चाकापाशी येऊन तिथेच लटकायची. टायर तेच, फ्युएल मॅप १ वरच, म्हणजे पूर्ण ताकद. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. दोन संध्याकाळी मी गिअरचं गुणोत्तर बदलत बसलो आणि शेवटी जीटी ऑटोमध्ये, म्हणजे गेममधल्या सर्व्हिस गॅरेजमध्ये, जाऊन बघितलं, तर ऑइलची अवस्था वाईट.

हिशोब करून बघा. ला सार्थची एक फेरी साधारण १३.६ किलोमीटरची. अर्ध्या तासात सात-आठ फेऱ्या होतात, म्हणजे साधारण शंभर किलोमीटर. खऱ्या गाडीचं ऑइल हजारो किलोमीटर चालतं, गेममध्ये ते काही शे किलोमीटरमध्येच संपतं. थोडक्यात, अशा तीन शर्यती झाल्या की जीटी ऑटोत डोकावायलाच हवं. ताकद ५ टक्क्यांनी उतरली तर कागदावर ते फार वाटत नाही. पण वेग वाढवताना हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशोबाने ३०० ला जाणारी गाडी २९५ च्या आसपास अडते. ओव्हरटेक करताना तेवढे पाच किलोमीटरच तर हातात असतात!

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी जीटी ऑटो, मग ट्यूनिंग. जुनी गाडी घेतली की ती आणल्या आणल्या ऑइल बदलायचं, आणि पीपीचं गणित त्यानंतरच मांडायचं. युज्डमधली गाडी आधीच बरीच पळालेली असते, त्यामुळे तिच्या इंजिनचीही अवस्था बघून घ्या. इंजिन दमलेलं असेल तर ओव्हरहॉलने ताकद परत येते. ऑइलच्या मानाने हे काम बरंच महाग आहे, त्यामुळे गॅरेजमधल्या प्रत्येक गाडीचं इंजिन खोलत बसू नका. जी गाडी कायम चालवता, तिच्यावर मात्र खर्च करा, मी स्कायलाइनवर केला आणि पुन्हा करेन. बॉडीच्या मजबुतीचंही तसंच. बॉडी सैल पडली की वळणात सस्पेन्शनच्या आधी तीच पिळते, मग तुम्ही स्प्रिंग कितीही घट्ट करा, गाडी हवा तसा प्रतिसाद देत नाही. वॉशिंगने फक्त चमक येते, वेगात फरक पडत नाही. टायरची झीज शर्यतीपुरतीच असते, पुढच्या शर्यतीला टायर पुन्हा नवे.

आता तुमच्या गाडीचं काय करायचं? पार्ट काढू नका. ट्यूनिंगमध्ये पॉवर रिस्ट्रिक्टर (इंजिनची ताकद कमी करणारा पार्ट) लावा आणि एकेक टक्का खाली आणत ७०० च्या आत या. सरळ रस्त्यावरचा वेग तसाच हवा असेल तर रिस्ट्रिक्टरऐवजी बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, घाला. त्याने पीपी उतरतो, ताकद तशीच राहते. मात्र वजन वाढल्यामुळे ब्रेक थोडा लवकर लावावा लागेल आणि टायरही लवकर झिजतील. ला सार्थला मला हा सौदा परवडतो, तोक्योच्या ट्रॅकवरच्या अरुंद वळणांना नाही. सेटिंग झालं की त्याची शीट गेममध्ये सेव्ह करा. दोन-तीन शर्यतींनी पीपी पुन्हा उतरलेला दिसेल. तेव्हा रिस्ट्रिक्टर उघडून ती जागा भरायला जाऊ नका, सरळ ऑइल बदला. आकडा आपोआप ७०० पाशी येईल.