ट्रेलच्या बिलावर एक तास चर्चा आणि त्या चर्चेच्या नियमांवर आणखी एक तास, हा काय प्रकार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू न्यू इंग्लंड नॅशनल सीनिक ट्रेल या कनेक्टिकट-मॅसॅच्युसेट्समधल्या पायवाटेच्या बिलाचं अमेरिकन हाऊसमधलं (म्हणजे त्यांच्या संसदेच्या खालच्या सभागृहातलं) जुनं कामकाज व्हिडिओवर बघितलंस आणि तुला तीन गोष्टी कळल्या नाहीत. एक, बिलाच्या आधी 'रूल' नावाच्या कशावर तरी तासभर भांडण का झालं. दोन, 2008 च्या जानेवारीत हाऊसने पास केलेलं बिल कायदा व्हायला 2009 चा मार्च का उजाडला, तेही कुठल्यातरी रणांगणांच्या बिलात घुसून. तीन, डोंगरातल्या एका पायवाटेला एवढं सगळं लागतंच कशाला.

तिसऱ्याचं उत्तर छोटं आहे म्हणून आधी ते. 1968 चा नॅशनल ट्रेल्स सिस्टम ॲक्ट असा आहे की गावाजवळच्या फिरायच्या वाटेला 'रिक्रिएशन ट्रेल' म्हणून मंत्री आपल्या सहीने मान्यता देऊ शकतो, पण 'सीनिक ट्रेल' हा दर्जा फक्त काँग्रेसच, म्हणजे अमेरिकेची संसदच, देऊ शकते, कायदा करून. त्या कायद्याने पहिल्या झटक्यात अ‍ॅपलाचियन आणि पॅसिफिक क्रेस्ट असे दोनच ट्रेल घेतले, बाकीच्यांनी रांगेत यायचं. रांगेत यायचं म्हणजे आधी अभ्यास करायला परवानगी देणारा वेगळा कायदा (आपल्या ट्रेलचा तो 2002 मध्ये झाला), मग नॅशनल पार्क सर्व्हिसचा अभ्यास, मग दर्जा देणारं बिल. म्हणजे वाट तीच, लोक कित्येक वर्षं चालतायत तीच, फक्त कागद नवा.

आता रूल. आपल्याकडे विधानसभेत कुठल्या विषयाला किती वेळ हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि सभागृह सहसा मान हलवून मोकळं होतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की वेळ ठरवणं हे कारकुनी काम आहे. हाऊसमध्ये तसं नाही. तिथे रूल्स कमिटी म्हणून 13 जणांची समिती असते, त्यात 9 सत्ताधारी आणि 4 विरोधक, सभागृहात पक्षांचं संख्याबळ काहीही असो. स्पीकरच्या मर्जीतली समिती. प्रत्येक मोठ्या बिलासाठी ती एक छोटा ठराव लिहिते आणि त्यात सगळं येतं, चर्चा किती वेळ, वेळ कोणाच्या ताब्यात, कुठल्या दुरुस्त्या मांडता येतील, कुठले आक्षेप घेताच येणार नाहीत. तो ठराव आधी सभागृहात मंजूर व्हावा लागतो, म्हणून त्याच्यावर तासभर चर्चा. त्या तासातला अर्धा वेळ विरोधकांना देतात पण 'फक्त बोलण्यापुरता' असं स्पष्ट म्हणून देतात, म्हणजे त्या अर्ध्या तासात त्यांनी ठरावाला दुरुस्ती सुचवायची नाही. मग 'प्रीव्हियस क्वेश्चन' वर मतदान होतं, ज्याचा साधा अर्थ असा की आता बोलणं पुरे, मतं घ्या, आणि विरोधकांना स्वतःचा ठराव पुढे रेटायची संधी तिथेच असते, हे मतदान हरवता आलं तर. जवळजवळ कधीच येत नाही. तरी मागतात, कारण निवडणुकीत दाखवायला बरं असतं की बघा आम्ही पेट्रोलच्या भावावर चर्चा मागितली होती आणि यांनी ट्रेलवर चर्चा केली.

त्यानंतर मूळ बिलावर जी चर्चा होते ती बहुतेक वेळा एक तास, अर्धा अर्धा, नॅचरल रिसोर्सेस कमिटीचा चेअरमन आणि विरोधी बाजूचा तिथला ज्येष्ठ सदस्य यांच्या ताब्यात. इथे एक गंमत आहे जी सी-स्पॅनवर (संसदेचं कामकाज दाखवणारं चॅनल) बघताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्पीकरच्या शेजारी हिरव्या संगमरवराच्या उंच खांबावर चांदीचा राजदंड असतो ना, त्याच्याकडे बघ. सभागृह 'कमिटी ऑफ द होल' मध्ये गेलं की तो उचलून खालच्या बैठकीवर ठेवतात. माणसं तीच, खोली तीच, पण आता कागदोपत्री ती एक समिती आहे, स्पीकर खुर्चीत नाही, दुसरा कोणीतरी बसलाय आणि सगळे त्याला स्पीकर न म्हणता चेअर म्हणतात. कारण सरळ आहे, समितीला 100 माणसांचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, चालतो, सभागृहाला 218 लागतात, आणि दुरुस्त्यांवर पाच-पाच मिनिटांत काम उरकता येतं. ओपन रूल असेल तर कोणीही उठून 'शेवटचा शब्द गाळावा' अशी दुरुस्ती मांडतो. खरंच शब्द गाळायचा नसतो, पाच मिनिटं बोलायला मिळावीत म्हणून ती पळवाट, आणि सगळ्यांना माहीत असतं. काम झालं की समिती उठते, राजदंड परत वर, आणि समितीने सभागृहाला म्हणजे स्वतःलाच अहवाल द्यायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगची आठवण झाली, सेक्रेटरी स्वतःलाच पत्र लिहितो आणि स्वतःच पोच देतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि खरा मसाला इथे आहे.

2008 मध्ये हाऊसने मॅसॅच्युसेट्सचे खासदार जॉन ऑल्व्हर यांचं बिल पास केलं पण सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ते बसून राहिलं. सेनेटमध्ये रूल्स कमिटीची ही दादागिरी नाही, तिथे उलटा त्रास, एकाने 'माझी हरकत आहे' म्हटलं की सगळं अडतं, आणि ओक्लाहोमाचे टॉम कोबर्न हे याच कामासाठी प्रसिद्ध होते, पेशाने डॉक्टर आणि टोपणनाव डॉक्टर नो. मग सेनेटच्या नेत्याने, हॅरी रीड यांनी, अडकलेली 160 च्या वर बिलं एका गाठोड्यात बांधली, त्यात आपला ट्रेल, ॲरिझोना ट्रेल, पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्रेल, आणि सुमारे 20 लाख एकर राखीव रान वगैरे. 11 जानेवारी 2009 ला, रविवारी, सेनेटर्सना बोलावून 66 विरुद्ध 12 मतांनी चर्चा थांबवायचं ठरवलं आणि चार दिवसांनी 73 विरुद्ध 21 ने गाठोडं पास.

आता ते हाऊसमध्ये आलं. तू म्हणशील डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत होतं, मग आणायचा रूल आणि करायचं पास. पण नेहमीच्या रूलने आणलं की विरोधकांना शेवटी एक हुकमी संधी मिळते, 'मोशन टू रिकमिट', म्हणजे बिल समितीकडे परत पाठवा, आणि त्या काळी त्यात सूचना जोडता यायची की परत पाठवताना अमुक दुरुस्ती करून लगेच आणा. (2021 पासून सूचना जोडता येत नाही, त्यामुळे आता त्यातली हवाच गेलीय.) भीती अशी की त्यात नॅशनल पार्कमध्ये बंदूक बाळगायला परवानगी द्या असं कलम येणार, आणि त्याच्या विरोधात मत द्यायला ग्रामीण भागातले डेमोक्रॅटसुद्धा कचरणार. ट्रेलच्या बिलाला बंदूक कशी चिकटते असं विचारू नकोस, पार्क म्हटलं की चिकटते.

ही संधी द्यायचीच नाही म्हणून नेत्यांनी दुसरा मार्ग घेतला, 'सस्पेन्शन ऑफ द रूल्स'. यात फक्त 40 मिनिटं चर्चा, बाहेरून दुरुस्ती नाही, रिकमिट नाही, पण किंमत म्हणजे मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. शिकारीवाल्यांना शांत करायला मांडतानाच एक कलम घातलं की शिकार आणि मासेमारीला हात लागणार नाही. 11 मार्च 2009, बोर्डावर आकडा आला 282 विरुद्ध 144. कागद-पेन्सिल घे. 426 जणांनी मत दिलं, दोन तृतीयांश म्हणजे 284. दोन मतांनी पडलं! साध्या बहुमताने जे बिल दणदणीत जिंकलं असतं ते दोन मतांनी पडलं, फक्त कुठल्या नियमाखाली आणलं त्यामुळे.

मग सेनेटने हाऊसने आधीच पाठवलेलं एक निरुपद्रवी बिल उचललं, अमेरिकन क्रांती आणि 1812 च्या युद्धातली रणांगणं जपायचं, एच आर 146. त्यात सगळं गाठोडं दुरुस्ती म्हणून कोंबलं आणि 77 विरुद्ध 20 ने परत पाठवलं. हाऊसमध्ये दुरुस्ती बिलाच्या विषयाशी संबंधित असावी लागते, सेनेटमध्ये असं सरसकट बंधन नाही, म्हणून हे तिथेच करता येतं. आणि कळीचा मुद्दा हा की आता हे हाऊसचंच बिल, सेनेटच्या दुरुस्तीसह परत आलेलं, त्यामुळे प्रश्न एवढाच, दुरुस्ती मान्य आहे का. या टप्प्यावर रिकमिट मागता येत नाही आणि साधं बहुमत पुरतं. 25 मार्चला 285 विरुद्ध 140, आणि 30 मार्चला ओबामांची सही. आकडे जवळजवळ तेच बघ, 282 चे 285 झाले, पण आधी हरले आणि आता जिंकले. (आणि ते बंदुकीचं कलम? ते दोन महिन्यांनी क्रेडिट कार्डच्या कायद्यात घुसलं. कोबर्न यांचीच दुरुस्ती. खोटं वाटत असेल तर कायदा काढून बघ.)

म्हणून त्या व्हिडिओतली भाषणं बघत बसू नकोस, त्यांनी कोणाचं मत बदललं असेल असं मला तरी वाटत नाही. आधी बघ की बिल कुठल्या दारातून आणलंय, सस्पेन्शन, रूल, की सेनेटची दुरुस्ती.

एक मुद्दा मात्र भाषणांतला खरा होता, खाजगी जमिनीचा. ही वाट कितीतरी ठिकाणी लोकांच्या खाजगी रानातून जाते, मालकाने तोंडी हो म्हटलंय एवढ्यावर, आणि अ‍ॅपलाचियनसाठी सरकारने काही जमिनी सक्तीने घेतल्या होत्या हे तिकडच्या लोकांना चांगलं आठवतं. सातबाऱ्यावर नाव आपलं आणि नकाशावर रेघ सरकारची म्हटल्यावर कोणीही बिचकेल. म्हणून कायद्यात एक वाक्य आहे की मालकाच्या संमतीशिवाय सरकार या ट्रेलसाठी जमीन घेणार नाही. सगळ्या चर्चेतून जमिनीवर उतरलेली गोष्ट हीच.

मी कनेक्टिकटमध्ये राहतो, हा ट्रेल तुकड्या-तुकड्याने बराच चाललोय. रॉयलस्टनपासून गिलफर्डच्या समुद्रापर्यंत कायद्यात अंदाजे 220 मैल. मेरिडेनच्या हँगिंग हिल्सवर पहिल्यांदा गेलो तेव्हा उभा काळपट कातळ आणि पायाखाली घसरणारी दगडांची रास बघून वाटलं, अरे हा तर आपलाच बेसॉल्ट! आहेच, फक्त सह्याद्रीपेक्षा तिपटीने जुना, जवळपास 20 कोटी वर्षांचा. इकडे त्याला ट्रॅपरॉक म्हणतात, आपल्या डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप तोच, मूळ स्वीडिश शब्द, अर्थ पायऱ्या. कनेक्टिकटमध्ये झाडांवर निळे पट्टे असतात, मॅसॅच्युसेट्सची हद्द ओलांडली की पांढरे. आमच्या घरापासून जवळच्या एका टप्प्यावर मालक बदलला आणि नव्याने नको म्हटलं, तर पुढच्या सीझनला वाट रस्त्याच्या कडेने वळवलेली, आणि जुन्या झाडावरच्या निळ्या पट्ट्यावर कोणीतरी नीट करडा रंग मारलेला.