वाचकांचे प्रश्न : अपघातानंतर पुढच्या उपचारांच्या खर्चाचं काय?

प्रश्न (लांजा) : माझ्या मुलाला, वय 26, माणगावजवळ ट्रकने उडवलं. मांडीच्या हाडाची मान मोडली, स्क्रू टाकलेत. डॉक्टर म्हणतात, पुढे खुबा बदलायची वेळ येऊ शकते. झालेल्या खर्चाची बिलं आहेत, पण न झालेल्या ऑपरेशनचे पैसे कसे मागायचे? आणि दाव्यासाठी माणगावला खेटे घालायचे का?

उत्तर : खेटे नकोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अपघात झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे, कुठेही दावा लावता येतो. तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्यातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (असे दावे चालवणारं न्यायालय) चालेल. मुदत मात्र सांभाळा. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी सहा महिने धरूनच चला. ‘पाय नीट बरा झाला की बघू’ म्हणत थांबू नका. अर्ज आत्ता करायचा. अपंगत्वाचा दाखला, नवे एक्स-रे, पुढची बिलं पुराव्याच्या वेळी देता येतात. अर्जात ‘भविष्यातील वैद्यकीय खर्च’ हे शीर्षक आणि आकडा मात्र पहिल्याच दिवशी हवा.

याचं कारण, ही रक्कम एकदाच ठरते. निकालानंतर चार वर्षांनी खुबा बदलावा लागला म्हणून त्याच अपघातासाठी नवा अर्ज करण्याची सोय कायद्यात नाही. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग (2003) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच कारण देऊन भावी खर्च मूळ निवाड्यातच धरायला सांगितलं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) या निकालात तो खर्च नुकसानभरपाईचं वेगळं शीर्षक म्हणून मोजला आहे, पण गंभीर दुखापतीत आणि ठोस वैद्यकीय पुरावा असेल तरच.

हा पुरावा म्हणजे ‘अंदाजे 3 लाख खर्च येईल’ अशी लेटरहेडवरची एक ओळ नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून सविस्तर अंदाजपत्रक घ्या. कोणतं ऑपरेशन, ते का लागणार (तुमच्या मुलाच्या बाबतीत खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजण्याचा धोका) आणि साधारण कधी, हे त्यात हवं. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, कृत्रिम सांधा, खोलीचे दिवस, औषधं, फिजिओथेरपी यांचे आकडे वेगवेगळे हवेत. तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच. कृत्रिम खुबा साधारण 15 ते 20 वर्षं टिकतो. 26 व्या वर्षाच्या मुलाला आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता बरीच आहे. ते डॉक्टरांनी लिहिलं नाही, तर दुसऱ्या ऑपरेशनचा विषयच निघत नाही.

दावे सर्वाधिक घसरतात ते पुढच्या पायरीवर. अंदाजपत्रक फाइलला लावलं, पण डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत. मग विमा कंपनीचे वकील म्हणतात, कागद सिद्ध नाही. डॉक्टर मुंबईचे किंवा कोल्हापूरचे असले की हे नेहमीचंच. अशा वेळी वकिलांना सांगून डॉक्टरांना समन्स काढायला लावा किंवा कमिशनमार्फत (न्यायालयाने नेमलेल्या माणसामार्फत) त्यांच्या गावीच साक्ष घेण्याचा अर्ज द्या. उलटतपासणीत ‘ऑपरेशन लागेलच का?’ हा प्रश्न येणारच. डॉक्टरांनी छातीठोकपणे ‘हो’ म्हणण्याची गरज नसते. शक्यता किती आणि ती कोणत्या एक्स-रेवरून दिसते, एवढं सांगितलं तरी पुरतं. नुसतं ‘लागू शकतं’ म्हणून सोडलं, तर हाती जुजबी रक्कम येते.

एक खास आपल्या हवेतली गोष्ट. औषधांची थर्मल कागदावरची बिलं कोकणातल्या दमटपणात दोन पावसाळ्यांत कोरी होतात. बिल हाती आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा. खासगी रुग्णवाहिकेची आणि गाडीभाड्याची पावती मागून घ्या, नंतर कोणी देत नाही.

प्रश्न (मालवण) : भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पायाची किंमत एकदाच मिळते का?

उत्तर : एकदाच मागितली तर एकदाच मिळते! 2022 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाय पाच-सहा वर्षंच टिकतो हे लक्षात घेऊन तीन पायांचे 7 लाख 80 हजार आणि देखभालीचे 5 लाख दिले. पाय बनवणाऱ्या केंद्राकडून कोटेशन घेताना किंमत, आयुष्य, वर्षाची दुरुस्ती, लायनर (खुंटावर चढवायचं मऊ आवरण) आणि सॉकेट (खुंट बसतो तो साचा) बदलण्याचा खर्च वेगळा लिहून घ्या. पहिल्या वर्षात खुंट आटतो आणि सॉकेट सैल होतं, तो बदल त्यात धरायला लावा. भाऊ होडीवर किंवा बंदरात काम करत असेल, तर खाऱ्या पाण्याने आणि रेतीने सुटे भाग लवकर झिजतात, हेही नोंदवून घ्या.

मदतनीस लागत असेल तर त्याचा हिशेब महिन्याचा खर्च × 12 × वयाचा गुणक (वर्षाच्या खर्चाला किती पटीने गुणायचं, हा वयानुसार ठरलेला आकडा) असा मांडता येतो. 31 ते 35 वयाला गुणक 16, 36 ते 40 ला 15. महिना 6 हजार आणि वय 33 असेल, तर 11 लाख 52 हजार. घरातलीच माणसं करतात म्हणून हे शीर्षक सोडून देऊ नका. मात्र भावी खर्चाच्या रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळेल असं धरू नका. पैसे अजून खर्च झालेले नसतात म्हणून न्यायालयं ती रक्कम अनेकदा व्याजातून वगळतात.

प्रश्न (गुहागर) : विमा कंपनी लोकअदालतीत तडजोड करू म्हणते. घ्यावी का?

उत्तर : लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, आणि ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून सही केली की पुढच्या ऑपरेशनचा खर्च तुमच्या खिशातून. त्यामुळे देऊ केलेल्या रकमेतून झालेला खर्च आणि बुडालेलं उत्पन्न वजा करा. उरलं त्यात अंदाजपत्रकातला आकडा बसतो का ते पाहा. अंदाजपत्रकच हातात नसेल तर त्या दिवशी सही करू नका, पुढची तारीख मागा. लढून लागलेला निकाल कमी वाटला, तर कलम 173 प्रमाणे 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना त्यासाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (तिथे बसणारं खंडपीठ) आहे. रायगडकरांना अजून मुंबईच.