रंगमंच : प्रश्न तुमचे, उत्तर आमचे

प्रश्न : बी.कॉम. झालं आहे. कॉलेजात तीन एकांकिका केल्या. आता रंगभूमीवरच नट म्हणून पोट भरायचं आहे. लगेच मुंबई गाठू का? परीक्षक दर वेळी सांगतात, ‘वाक्याचा शेवट ऐकू येत नाही.’ त्यावर उपाय काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुंबईची घाई नको. दोन अंकी नाटकात मध्यंतरानंतर भूमिका पुन्हा उभी करावी लागते. ती सवय एकांकिकेत लागत नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नागपुरात असतं. त्यात उतरणाऱ्या संस्थांना पात्रनिवडीच्या आधी भेटा. भूमिका नाही मिळाली तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना संवादाची आठवण करून देण्याचं काम, मागून घ्या. प्रॉम्प्टरला सगळ्यांच्या नकला, म्हणजे लिहून काढलेले संवाद, पाठ होतात. ऐनवेळी कुणी आजारी पडलं की दिग्दर्शक आधी त्याच्याकडेच बघतो.

आता आवाज. परीक्षकांचं म्हणणं गंभीरपणे घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘मी त्याला काल स्टेशनवर पाहिलं नाही’ म्हणताना दम ‘पाहिलं’पाशी संपला, तर मागच्या रांगेला नेमका उलटा अर्थ पोचतो. नकलेत श्वासाच्या जागी पेन्सिलीने खुणा करा. या वाक्यात ‘काल’नंतर अर्धा श्वास पुरतो. मित्राला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याला प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहायला सांगा. कुठे गळतंय ते त्या कागदावर दिसेल. ओरडून मात्र भरपाई करू नका, घसा बसतो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवा.

‘येऊन राहिलो’, ‘डोया’ (डोळा) ही बोली पुसून टाकू नका, ती तुमची कमाई आहे. फक्त ‘ळ’ हवा तेव्हा म्हणता आला पाहिजे. रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा, एकदा प्रमाण मराठीत, एकदा आपल्या बोलीत.

पोटापाण्यासाठी जवळची वाट झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या व्यावसायिक रंगभूमीची. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथल्या नाट्यमंडळांचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, प्रयोग रात्रभर चालतात. गाता येत असेल तर पारडं जड. तालमीला उभं राहण्यापूर्वीच नाइट (एका प्रयोगाचं मानधन) किती, ती कधी मिळणार, जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च कुणाचा, हे विचारून घ्या. सुरुवातीला हे विचारायचा संकोच होतो आणि हंगाम संपल्यावर भांडणं होतात ती याच्यावरूनच.

रीतसर शिकायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पदवी तुमच्याकडे आहेच, पण नाटकांत काम केल्याचे दाखलेही लागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका जपा आणि दिग्दर्शकाच्या सहीचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. वर्षभराने मागायला जाल तर संस्था बंद पडलेली असते, नाहीतर दिग्दर्शक गाव सोडून गेलेला.