बेभान, आक्रमक झालेल्या रुग्णाला आवरण्यासाठी पोलीस आले, तर त्यांनी नेमके काय करावे?
सोलापूरच्या भर उन्हात एखादा माणूस घामाघूम होऊन आरडाओरडा करू लागला, की लोक ‘दारू चढली’ म्हणून मोकळे होतात. पण उष्माघाताने किंवा रक्तातील साखर घसरल्यानेही असे घडते, म्हणून ११२ सोबतच १०८ लाही फोन करावा.

पोलिसांनी गर्दी हटवून एकानेच शांतपणे बोलावे. धरावेच लागले, तर पालथे पाडून पाठीवर गुडघा मुळीच रोवू नये, कारण त्याने श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. त्याला कुशीवर वळवावे, आणि धडपडणारा माणूस एकाएकी गप्प झाला, तर आधी त्याचा श्वास चालू आहे का ते पाहावे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार संरक्षणात घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे सिव्हिलला, न्यावेच लागते.