नोंद घेण्यात आली

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहतो. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झालो, विषय गणित-विज्ञान. आमच्या वस्तीतल्या रेशन दुकानात चार माणसांच्या कार्डावर 20 किलो धान्याचा अंगठा घेतात आणि पिशवीत साडेअठराच भरतं, हे मी घरच्या काट्यावर मोजून लोकांना दाखवलं. तेव्हापासून लोक म्हणून राहिले, "सर, तुम्ही एखाद्या शासकीय समितीवरच जा ना." मलाही जावंसं वाटतं. पण मी कोणत्या पक्षात नाही, कोणत्या आमदाराच्या मागे कधी फिरलो नाही. अर्ज कुठं करायचा? मानधन असतं का? आणि खरं सांगा, तिथं जाऊन काही होतं का?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मी जवळून पाहिलं आहे. मी पुरवठा शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. समितीच्या बैठकीत मागच्या रांगेत वही घेऊन बसलेली बाई असते ना, ती मी. इतिवृत्त मी लिहायचे.

आमच्या समितीवर एक सदस्य होते. काळ्या बाजारावर वीस-वीस मिनिटं बोलायचे, टेबलावर हात आपटायचे, चहा गार होऊन जायचा. मी लिहायचे : "मा. सदस्यांनी धान्य वितरणाबाबत मत मांडले. नोंद घेण्यात आली." संपलं. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे विषय पुरला. कोणी करायचं ते नाही, कधीपर्यंत ते नाही, मग पुढच्या बैठकीत विचारणार कोणाला? असे किती विषय माझ्या हातानं पुरले गेले, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, एवढंच म्हणू शकते.

दुसऱ्या एक बचत गटाच्या बाई होत्या. बैठकीत दोन वाक्यांच्या वर बोलल्याचं आठवत नाही. पण आठ दिवस आधी एका कागदावर विषय लिहून आणायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक पडल्याशिवाय माझ्या टेबलासमोरून हलायच्या नाहीत. एकदा त्यांचा विषय होता : अमुक पाच दुकानांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांची पडताळणी शेवटची कधी झाली? असा काटा दर 12 महिन्यांनी वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. विषय कार्यसूचीवर आला, म्हणजे उत्तर तयार ठेवणं आलं. पत्रं गेली, आणि पाचपैकी तीन काट्यांची मुदत उलटून गेल्याचं कळलं. यावेळी मला अधिकाऱ्याचं पदनाम आणि मुदत दोन्ही लिहावं लागलं. पुढच्या बैठकीत बाईंनी एवढंच विचारलं, "मागच्या इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल कुठं आहे?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी फाइलकडं.

तर होतं, सर. फक्त ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली होत नाही.

आता अर्जाचं. तुमच्या कामाला दोन जागा जुळतात. एक, रेशनच्या दक्षता समित्या. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 च्या कलम 29 प्रमाणं त्या राज्यापासून थेट दुकानापर्यंत प्रत्येक पातळीवर असायला हव्यात, आणि गैरप्रकार लेखी कळवणं हे त्यांचं कायद्यानं ठरलेलं काम आहे. दुसरी, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. मी तुमच्या जागी असते तर दुकानाच्या पातळीवरची समिती आधी धरली असती. तिथं खुर्ची लहान, पण काटा समोर.

ओळखीचं म्हणाल, तर साखर घालून सांगणार नाही. अशासकीय सदस्यांच्या नावांत पालकमंत्र्यांची शिफारस चालते, कार्यकर्त्यांची सोय लावली जाते. त्या याद्या मीच टाइप केल्यात. पण याच याद्यांत ग्राहक संघटनांच्या प्रतिनिधींसाठी रकाना असतो, आणि कितीदा तो भरायला कामाचं नाव सापडत नाही. एखाद्या नोंदणीकृत ग्राहक संघटनेत वर्षभर काम करा आणि तुमचं नाव त्यांना पाठवू द्या. स्वतःचाही एक पानी अर्ज द्या. नागपूर शहरातली रेशन दुकानं अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडं येतात, ग्रामीणची जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडं. मानेवाडा शहरात, तेव्हा टेबल चुकवू नका. अर्जात ‘समाजसेवेची आवड’ लिहू नका, ती सगळ्यांनाच असते. तारीख, कार्डाचा प्रकार, देय किती, मिळालं किती, असा तक्ता जोडा. घरच्या काट्याचं वजन मात्र कोणी मानणार नाही, हे विज्ञानाच्या सरांना मी काय सांगावं! दुकानातच, मुद्रा असलेल्या काट्यावर, दोन शेजाऱ्यांसमोर पुन्हा तोलून घ्या. त्यासाठी कोणत्या समितीची वाट पाहायची गरज नाही.

डिसेंबरात जाऊ नका. 1953 च्या नागपूर करारामुळं अधिवेशन आपल्याकडं येतं आणि निम्मं कार्यालय त्या ड्युटीवर जातं.

मानधनाची आशा नको. भत्ता काय ते नियुक्तीच्या आदेशात असेल. त्याच आदेशात ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द आहेत का, तेही पाहा. सरकार बदललं की सदस्य बदलतात. मनाला लावून घ्यायचं नाही.

प्रश्न : मला जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेवर घेऊन दीड वर्ष झालं. अजून एकाही बैठकीचं पत्र नाही. विचारलं की "कळवतो ना मॅडम." काय करू?
— एक सदस्य, पूर्व विदर्भ

ग्राहक संरक्षण कायदा 2019 म्हणतो, वर्षातून किमान दोन बैठका झाल्याच पाहिजेत. कलम 8 चा उल्लेख करून अध्यक्षांना पत्र द्या आणि सोबत तुमचा एक विषयही जोडा. नुसती ‘बैठक घ्या’ अशी मागणी बाजूला ठेवायला सोपी जाते. महिनाभरात उत्तर नाही आलं, तर माहितीचा अधिकार आहेच : 10 रुपये, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस. गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तांच्या प्रती मागा. आणि त्या अर्जावर नावाखाली ‘सदस्य’ असं पद लिहू नका. हा अधिकार नागरिकाला आहे, पदाला नाही, आणि एवढ्या कारणानं अर्ज परत पाठवणारे मी पाहिले आहेत. घरचा पत्ता लिहा.