साउंड कार्डं तीन, पण ० नंबर कोणाचा?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपला बोर्डावरचं साउंड, ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय आणि गाणं रेकॉर्ड करायला घेतलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस असं सगळं आहे. कधी यूएसबीवालं कार्ड ० होतं कधी २, आणि माझी स्क्रिप्ट थेट कार्ड ० उघडते, मग काय, तासभर गायलेलं सगळं मुकं. मित्र म्हणतो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परत कंपाइल कर (सोर्स कोडपासून पुन्हा बनव), करू का?

उत्तर: अजिबात नको. मित्रांना कंपाइल करायला सांगायची भारी हौस असते. तिन्ही कार्डं दिसतायत म्हणजे सपोर्ट आहेच, भांडण फक्त नंबराचं आहे. कर्नल ज्या क्रमाने कार्डं सापडतील त्या क्रमाने ०, १, २ देत सुटतो, आणि यूएसबी कधी लवकर सापडतं कधी उशिरा.

आधी प्रॉक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरच्या खाली एसाउंड फोल्डर आहे, त्यातली कार्ड्स नावाची फाइल वाचा, कोणाला कुठला नंबर मिळालाय ते कळेल. मग ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात एक फाइल करून एसएनडी-यूएसबी-ऑडिओ या यूएसबी कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरला इंडेक्स (म्हणजे कार्डाचा नंबर) ० द्या आणि एसएनडी-एचडीए-इंटेल या ड्रायव्हरला इंडेक्स १,२ द्या. दोन आकडे का, तर बोर्डावरचं आणि एचडीएमआय ही दोन्ही बहुतेक मशीनवर त्याच एका ड्रायव्हरवर चालतात. रीबूट केलं की झालं.

यात दोन गोची आहेत. ड्रायव्हर मॉड्यूल (म्हणजे गरजेनुसार वेगळा लोड होणारा तुकडा) नसून कर्नलमध्येच बांधलेला असेल तर ही फाइल कोणी वाचतच नाही, तेव्हा तोच पर्याय ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स लोड करणाऱ्या प्रोग्राममधून, कर्नलच्या कमांड लाइनवर द्यावा लागतो. आणि इंटरफेस काढून ठेवला की ० रिकामा राहतो, मग थेट ० मागणारे प्रोग्राम एरर देतात. म्हणून खरं तर स्क्रिप्टमध्ये नंबराऐवजी कार्डाचं नाव लिहा, ते जास्त बरं. ब्राउझर वगैरेच्या आवाजाचं काम पाइपवायर किंवा पल्सऑडिओ हे साउंड सर्व्हर बघतात, त्यांना या नंबराशी फारसं देणंघेणं नाही.

प्रश्न: मी एकाच मॉडेलचे दोन यूएसबी इंटरफेस लावलेत. ड्रायव्हर दोनदा टाकायचा का?

उत्तर: नाही हो, एकच मॉड्यूल दोघांना पुरतं. त्रास नावाचा आहे, कारण दुसऱ्याला तेच नाव मिळतं आणि मागे _१ लागतं, आणि दुसरा कोण हे पुन्हा क्रमावरच. यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं ओळखून त्यांना नावं देणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहा, की अमुक पोर्टात असेल तर नाव डावा, तमुक पोर्टात असेल तर उजवा (फाइलीत नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच टाका), आणि केबलींवर स्टिकर लावा कारण पोर्ट बदललं की नियम गेला. आठपेक्षा जास्त कार्डं जोडायची असतील तरच कर्नलच्या कॉन्फिगमध्ये (कंपाइल करतानाच्या सेटिंगमध्ये) डायनॅमिक मायनर्स हा पर्याय चालू आहे का बघा, बंद असेल तर मात्र पहिल्या प्रश्नातल्या मित्राचं ऐकून कर्नल परत कंपाइल करावा लागेल. चालू केल्यावर कमाल कार्डांचा आकडाही तिथेच ठरवता येतो, मुळात तो ३२ असतो.